कढईंतील तेल

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशीं स्थानकें एकामागून एक घेत जाते. सायंकाळीं कामावरून परतणारा चाकरमान्या यांपैकीं कोणत्याहि स्थानकाबाहेर पडला, तर त्याच्या स्वागताला सर्वांआधीं येतो तो तळणीचा वास. कोठें वडा, कोठें समोसा, कोठें कांद्याचीं भजीं, आणि उल्हासनगरांत सकाळच्या प्रहरीं डाळीबरोबर खावयाचें कुरकुरीत पकवान. दिवसभराच्या श्रमानंतर त्या वासाकडे पाठ फिरविणें सोपें नाहीं, आणि कोणाच्या तोंडचा घास काढून घेण्याचा या भाषणाचा मुळींच हेतु नाहीं. प्रश्न निराळा आहे. त्या कढईंत उकळणारें तेल कशाचें, तें आलें कोठून, आणि त्याची निवड केली कोणीं?

उत्तर वरवर सोपें दिसतें. ज्यानें वडे तळले त्यानें तेल निवडलें. परंतु वडेवाला बाजारांत जातो आणि परवडेल तो पंधरा किलोंचा डबा उचलतो. गिऱ्हाइकानें दिलेल्या दामांत त्याला दुसरें कांहीं करतांहि येत नाहीं. तो डबा शेजारच्या भुईमुगाच्या डब्याहून स्वस्त कां, याचें उत्तर स्थानकाच्या आवारांत सांपडत नाहीं. त्यासाठीं इंडोनेशियांतील आणि मलेशियांतील ताडाच्या जातीच्या झाडांचे मळे, दिल्लींतून निघणारे आयात-जकातीचे हुकूम आणि गेल्या नव्वद वर्षांतील जाहिरातींचा इतिहास यांजकडे पाहावें लागतें. मनुष्य आपल्या आवडीनें आणि परंपरेनें खातो, ही समजूत घरोघर पक्की आहे. या तीन गांवांची हकीकत त्या समजुतीला फारशी अनुकूल नाहीं.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं हा सारा मुलूख भाताचा होता. बदलापूर हें उल्हास नदीच्या कांठचें शेतीचें गांव. अंबरनाथ शिलाहारांच्या काळच्या शिवालयामुळें ठाऊक. १९२० नंतरच्या दशकांत तेथें आगपेट्यांचा कारखाना निघाला आणि गांवाचें रूप पालटूं लागलें. भोंवतालच्या आगरी-कुणबी घरांतलें खाणें म्हणजे भात, नाचणीची किंवा तांदुळाची भाकरी, सुकी मासळी आणि पावसाळ्यांत रानांतल्या भाज्या. डोंगरांतल्या ठाकूर-कातकऱ्यांचें त्याहूनहि साधें. तेल थेंबांनीं मोजण्याची वस्तु होती. तीळ किंवा खुरासणी घाण्यावर नेऊन जें निघेल तें पुरवावयाचें, पाड्यांवर मोहाच्या बियांचें तेल वापरावयाचें, आणि तुपाची धार सणाच्या दिवशीं. सबंध देशाचा हिशेब पाहिला तरी चित्र असेंच दिसतें. १९५५-५६ सालीं दरडोई वर्षाला खाद्यतेल मिळे सुमारें अडीच किलो, आणि वनस्पति तूप पाऊण किलोच्या आंत. या काळाला आरोग्याचें सुवर्णयुग म्हणण्याचा मोह कांहीं लोकांना होतो. तो आवरलेला बरा. तेल कमी होतें तें संयमामुळें नव्हे, दारिद्र्यामुळें. आणि त्या ताटांत तेलाबरोबर डाळहि कमीच होती.

युद्धानें हें ताट प्रथम हलविलें. २ मे १९४३ रोजीं मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें. घरोघर कार्ड आलें, आणि 'आज काय खावेंसें वाटतें' या प्रश्नाच्या जागीं 'या आठवड्याला दुकानांत काय आलें' हा प्रश्न आला. भात खाणाऱ्यांना गहूं घ्यावा लागला, गहूं खाणाऱ्यांना मिळेल तें. गांधीजींच्या आग्रहानें डिसेंबर १९४७ मध्यें धान्यावरचीं नियंत्रणें उठलीं. भाव भडकले आणि १९४८ च्या उत्तरार्धांत तीं पुन्हां बसलीं.

नेमक्या याच दिवसांत कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणींत सिंधमधून निर्वासित येऊं लागले. सैनिकांसाठीं बांधलेल्या बराकी, मध्यें पडदे लावून केलेलीं बिऱ्हाडें, आणि आरंभीं सरकारनें दिलेला शिधा. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं येथें कोनशिला बसविली आणि छावणीचें उल्हासनगर झालें. आलेल्या माणसांच्या हातांत पूर्वींचा गांव नव्हता, गोठा नव्हता, दुधाची म्हैस नव्हती. जिभेवर मात्र कोकीची जाड पोळी, साईभाजी आणि पकवान यांची आठवण होती, आणि या पदार्थांना स्निग्धता लागते. घरचें तूप गेलें, बाजारचें परवडेना. अशा वेळीं दुकानाच्या फळीवर एक पिवळा डबा उभा होता आणि त्यावर हिरवें ताडाचें झाड होतें.

त्या डब्याची कथा मोठी मनोरंजक आहे. पातळ तेलांतून हायड्रोजन वायु सोडून तें घट्ट करण्याची क्रिया विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं सिद्ध केली. निकेल धातूची बारीक पूड, उष्णता आणि दाब एवढ्यांच्या मदतीनें भुईमुगाचें तेल तुपासारखें गोठूं लागलें. हिंदुस्थानांत असा माल प्रथम हॉलंडांतून येई. पुढें लीव्हर कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें कारखाना घातला. १९३२ सालीं तेथें उत्पादन सुरू झालें आणि १९३७ च्या सुमारास 'डालडा' हें नांव बाजारांत आलें.

नांव आलें म्हणून माल खपला असें नव्हे. येथल्या गृहिणीला तूप ठाऊक होतें आणि तेल ठाऊक होतें. या दोहोंच्या मधला पदार्थ तिला नको होता. तेव्हां लिंटास या जाहिरात-संस्थेकडे काम सोंपविण्यांत आलें, आणि १९३९ च्या सुमारास या देशानें पूर्वीं न पाहिलेली मोहीम निघाली. चित्रपटगृहांत डालड्याचा लघुपट दाखवीत. रस्त्यांवरून डब्याच्याच आकाराची मोटार फिरे. चौकांत ताजे पदार्थ तळून लोकांना वास घेऊं देत, चव पाहूं देत, हात लावूं देत. ज्यांना वाचतां येत नव्हतें त्यांच्यासाठीं ताडाचें झाड होतें. शिवाय मालाला तुपासारखा रवाळपणा दिलेला असे. तूप नाहीं तरी तुपाची प्रतिष्ठा मिळते, ही भावना त्या डब्यांत भरलेली होती, आणि ती भुईमुगाच्या तेलाहून अधिक भावानें विकली गेली. डबा रिकामा झाल्यावर त्यांत तुळस लावण्याची रीत पडली. बराकींच्या दारांतहि आणि चाळींच्या कठड्यांवरहि. घरांत शिरलेल्या वस्तूची याहून मोठी पावती दुसरी कोणती?

विरोध झाला नाहीं असें नाहीं. गांधीजींनीं १९४६ सालीं 'हरिजन' पत्रांतून वनस्पतीच्या धंद्यावर टीका केली. तुपांत त्याची भेसळ करून विकणें ही उघड फसवणूक असा त्यांचा मुख्य रोख होता. १९५० च्या सुमारास पंडित ठाकुरदास भार्गव यांनीं वनस्पतीवर बंदी घालावी म्हणून संसदेंत विधेयक आणलें. वनस्पतीनें डोळे जातात, वंश खुंटतो, असेहि आक्षेप घेतले जात. बंदी आली नाहीं. त्याऐवजीं एक शहाणपणाचा तोडगा निघाला: वनस्पतींत शेंकडा पांच भाग तिळाचें तेल घालण्याची सक्ती. तिळाचें तेल एका साध्या रासायनिक परीक्षेंत गुलाबी-लाल रंग देतें, म्हणून ज्या तुपाला तो रंग येईल तें भेसळीचें असें ओळखतां येऊं लागलें. पुढें अ जीवनसत्त्व मिसळण्याचीहि सक्ती झाली. सरकारला वाटलें, आतां प्रश्न मिटला.

येथें थोडें थांबून पाहण्याजोगें आहे. विरोधकांचा निष्कर्ष बरोबर ठरला, परंतु त्यांनीं दिलेलीं कारणें बहुतेक चुकीचीं होतीं. समर्थकांनीं प्रयोगशाळेचे दाखले दिले, परंतु त्या काळीं जें मोजतां येत होतें तेवढेंच त्यांनीं मोजलें होतें. खरा दोष होता तो तेलाच्या रेणूंत. पातळ तेलाच्या रेणूंतील कांहीं सांखळ्या वांकड्या असतात, म्हणून त्या एकमेकींस खेटून बसत नाहींत. वांकड्यातिकड्या काटक्यांची मोळी जशी सैल राहते, तसें तें तेल पातळ राहतें. अर्धवट हायड्रोजन दिला कीं यांपैकीं पुष्कळ सांखळ्या सरळ होतात, मोळी घट्ट बसते आणि तेल गोठतें. या सरळ झालेल्या स्निग्धांशाला शास्त्रांत ट्रान्स फॅट म्हणतात. रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल यानें वाढतें आणि चांगलें घटतें, असें मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनीं १९९० सालीं दाखवून दिलें. इतर कोणत्याहि स्निग्ध पदार्थाकडून हीं दोन्ही अनिष्टें एकदम घडत नाहींत. डेन्मार्कनें २००३ सालीं शेंकडा २ ची मर्यादा घातली. दिल्लींतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें २००९ सालीं बाजारांतील वनस्पतीचे नमुने तपासले, तेव्हां त्या मर्यादेच्या पांच ते बारा पट ट्रान्स फॅट त्यांत निघाली. भारतांत २ टक्क्यांची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. शिवडीच्या पहिल्या डब्यापासून मोजलें तर नव्वद वर्षें. या नव्वद वर्षांत किती घरांतला कर्ता पुरुष पन्नाशीच्या आंत छातींत कळ येऊन गेला, आणि त्यांतील किती दोष या डब्याचा, हें आतां कोणीहि वेगळें काढून दाखवूं शकणार नाहीं.

मधल्या काळांत आणखी एक तेल आलें, आणि तें आलें सरकारच्या हातानें. १९७२ च्या दुष्काळांत व महागाईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदि स्त्रियांनीं मुंबईंत अन्नमहागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति उभारली आणि हातांत लाटणीं घेऊन हजारों गृहिणी रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल कोठें दडलें आहे, हा त्यांचा प्रश्न होता. देशांत गळिताचीं धान्यें पुरेशीं पिकत नव्हतीं, हें त्यामागचें सत्य. त्या दशकाच्या अखेरीस स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत परदेशी पामोलिन मोठ्या प्रमाणावर येऊं लागलें आणि शिधावाटप दुकानांतून कार्डावर मिळूं लागलें. १९९४ सालीं पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांस खुली झाली. आज देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतें, आणि त्यांत सर्वांत मोठा वांटा पामतेलाचा आहे. ज्या झाडाचें चित्र डालड्याच्या डब्यावर शोभेसाठीं होतें, त्याच्याच एका जातभाईचें तेल आतां खरोखरीच डब्याच्या आंत आलें.

पामतेलाला दैत्य ठरविण्याचें कारण नाहीं. त्याला वास नाहीं, तें तळणींत टिकतें, आणि मुळांतच निम्में घट्ट असल्यामुळें त्याला वनस्पतीसारखा हायड्रोजन द्यावा लागत नाहीं. म्हणून ट्रान्स फॅटचा दोष त्यांत नाहीं. परंतु संपृक्त स्निग्धांश त्यांत जवळजवळ निम्मा असतो, भुईमुगाच्या तेलांत सुमारें पांचवा हिस्सा. आठवड्यांतून एकदां खाणाऱ्याला या फरकाचें भय नाहीं. सकाळीं पकवान, दुपारीं डब्याबरोबर फरसाण, सायंकाळीं वडा आणि रात्रीं घरच्या भाजीवर तवंग, असें जो खातो त्याला आहे. त्यांतच वडेवाला कालचें उरलेलें तेल टाकून देत नाहीं. त्यावर नवें ओततो. वारंवार तापविलेल्या तेलांत जे अपायकारक घटक सांचतात त्यांना शेंकडा २५ ची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणानें १ जुलै २०१८ पासून घातली आहे. ती मोजण्याचें उपकरण मोठ्या उपाहारगृहांत असूं शकेल. पुलाखालच्या गाडीवर नाहीं.

आणि ही मर्यादा जें राज्य घालतें, तेंच राज्य तेल वांटतेंहि. २०२२ च्या दिवाळींत महाराष्ट्र शासनानें 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. दीड कोटींहून अधिक शिधापत्रिकाधारकांसाठीं ही योजना होती, आणि पुढील कांहीं सणांनाहि ती चालली. उल्हासनगरच्या बराकींच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींतून काय, अंबरनाथच्या कामगार-वस्तींतून काय आणि बदलापूरच्या पलीकडील पाड्यांवरून काय, ही पिशवी आनंदानेंच घेतली गेली. सणाला चार करंज्या तळतां आल्या, याचा उपहास करणाऱ्यानें आपलें पोट भरलेलें आहे हें आधीं कबूल करावें. तरीहि या पिशवींतले जिन्नस पुन्हां वाचावे. डाळ वगळली तर रवा, साखर, पामतेल. ज्या पाड्यावर नाचणी पिकते तेथें सणाला सरकारी पिशवींतून नाचणी आली नाहीं, आणि ज्या घाण्यांवर तीळ गाळीत ते बंद पडले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत किलोमागें एक रुपया दरानें भरड धान्य देण्याची तरतूद होती. दुकानांतलीं पोतीं मात्र बहुधा गहूं-तांदुळाचींच राहिलीं.

जकातीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें केंद्रानें कच्च्या खाद्यतेलावरची मूळ जकात २० टक्के केली. हेतु असा कीं येथल्या सोयाबीनच्या आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याला भाव मिळावा. फेब्रुवारी २०२५ मध्यें पंतप्रधानांनीं देशांतील वाढत्या लठ्ठपणाकडे बोट दाखवून घरोघर तेलाचा वापर दहा टक्क्यांनीं कमी करण्याचें आवाहन केलें. आणि महागाई वाढली म्हणून ३१ मे २०२५ पासून तीच जकात २० वरून १० वर आणली गेली. या तिन्ही निर्णयांना आपापलें समर्थन आहे. शेतकरी जगला पाहिजे, हृदय जगलें पाहिजे, महिन्याचा खर्च भागला पाहिजे. परंतु कमी तेल खा म्हणणारें आवाहन आणि तेल स्वस्त करणारा हुकूम यांपैकीं कढईपर्यंत कोणता पोंचतो, हें सांगावयास अर्थशास्त्र शिकण्याची गरज नाहीं. दरडोई वर्षाचा वापर अडीच किलोंवरून आतां १९ किलोंच्या घरांत गेला आहे. आरोग्यशास्त्राला मान्य असलेलें प्रमाण सुमारें १२ किलोंचें.

घरच्या कढईवर गृहिणीची कांहीं सत्ता तरी आहे. पुडीवर ती नाहीं. पिवळ्या डब्यासाठीं १९३९ सालीं मोटार फिरवावी लागली; आज ती मोटार प्रत्येक मुलाच्या हातांतल्या फोनमध्यें फिरते. २०२२-२३ च्या सरकारी कौटुंबिक खर्च-पाहणींत शहरी कुटुंबाच्या शंभर रुपयांपैकीं धान्यावर खर्च झाले ३ रुपये ६४ पैसे, आणि पेयें, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर १० रुपये ६४ पैसे. ज्या देशानें धान्यासाठीं रांगा लावल्या त्या देशांतला हा आंकडा आहे. शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आंत अति तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकूं नयेत, असा नियम २०२० सालीं झाला. तीन गांवांपैकीं कोणत्याहि शाळेची मधली सुटी पाहावी. ५० मीटरची दोरी कोणीं धरलेली दिसत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून फरसाण, बिस्किटें, चॉकोलेट आणि झटपट शेवया यांवरचा कर उतरून ५ टक्क्यांवर आला. साखरेच्या फेसाळ पेयांवर मात्र ४० टक्के राहिला. पेयाला जो न्याय लावला तो पुडीला कां नाहीं, याचें समाधानकारक उत्तर मिळत नाहीं.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकारानें झालेल्या देशव्यापी पाहणींत, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें, प्रौढांपैकीं शेंकडा ११ हून अधिक लोकांना मधुमेह आणि शेंकडा ३५ हून अधिक लोकांना रक्तदाबाचा विकार आढळला. हा भार केवळ तेलाचा नव्हे. पांढरा भात, मैदा, साखर आणि बैठें काम यांचाहि त्यांत हिस्सा आहे. अंबरनाथच्या कारखान्यांत उभ्यानें आठ तास राबणारा जें पचवी, तें गाडींत अडीच तास आणि खुर्चींत नऊ तास काढणाऱ्या बदलापूरच्या चाकरमान्याला पचेलच असें नाहीं. गांव तेंच राहिलें आणि वडाहि तोच राहिला. खाणाऱ्याचा दिवस बदलला.

जून महिन्यांत बदलापूर स्थानकाबाहेर टोपल्यांतून जांभळें येतात. त्यांना भौगोलिक मानांकन मिळालें आहे. विकणारी बाई पानांवर वाटे लावून बसते. तिच्या मालाची जाहिरात नाहीं आणि आवेष्टनहि नाहीं. दहा पावलांवर कढई उकळत असते, आणि तिच्या शेजारीं रिकामा झालेला पंधरा किलोंचा डबा पालथा घालून त्यावर कोणी तरी गाडीची वाट पाहत बसलेला असतो. डब्यावर पामोलिन हें नांव स्पष्ट छापलेलें असतें. वडा घेणाऱ्याला तें दिसत नाहीं.